काशीनाथुनी नागेश्वरराव

काशीनाथुनी नागेश्वरराव (१ मे १८६७ – ११ एप्रिल १९३८) हे भारतीय उद्योजक, पत्रकार, प्रकाशक व स्वातंत्र्यसैनिक होते. अंगदुखी, डोकेदुखी व स्नायूंच्या वेदनांवर चोळून लावण्याच्या 'अमृतांजन' या बामचे ते जनक होत. हा बाम त्यांनी १८९३ मध्ये मुंबईत बाजारात आणला. त्यातून मिळालेल्या संपत्तीच्या बळावर त्यांनी 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू वृत्तपत्र आणि 'भारती' हे वाङ्मयीन मासिक चालवले, 'आंध्र ग्रंथमाला' ही प्रकाशनसंस्था उभी केली आणि राष्ट्रीय चळवळीला मोठे अर्थसाहाय्य केले. आंध्रातील जनतेने त्यांना 'देशोद्धारक' ही उपाधी दिली. आदराने त्यांचा उल्लेख नागेश्वरराव पंतुलु असाही केला जातो.

बालपण आणि शिक्षण

नागेश्वररावांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील कृष्णा जिल्ह्यात येलकुर्रू या गावी एका तेलुगू ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बुच्चय्या व आईचे नाव श्यामलांबा होते. प्राथमिक शिक्षण गावाकडे झाल्यावर ते मछलीपट्टणम येथील नोबल हायस्कूलमध्ये शिकले. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी १८९१ मध्ये पदवी घेतली.

विद्यार्थिदशेत त्यांच्यावर समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांच्या लेखनाचा प्रभाव पडला. वीरेशलिंगम 'विवेकवर्धिनी' या नियतकालिकातून विधवाविवाह, स्त्रीशिक्षण व समाजातील अनिष्ट रूढी यांविषयी लिहीत असत. वृत्तपत्र हे समाज बदलण्याचे साधन होऊ शकते, ही जाणीव नागेश्वररावांना या वाचनातून लाभली. ती प्रत्यक्षात उतरण्यास मात्र पुढे सुमारे सतरा वर्षे जावी लागली.

मद्रास, कोलकाता आणि मुंबई

त्या काळी पदवीधर तरुण बहुधा सरकारी नोकरी किंवा वकिली यांकडे वळत. नागेश्वररावांनी व्यापाराचा मार्ग धरला. मद्रासमध्ये काही काळ लहानसा व्यवसाय केल्यानंतर ते कोलकात्यास गेले आणि एका औषधविक्रेत्याकडे काम करू लागले. औषधे तयार करण्याचे प्राथमिक ज्ञान त्यांना तेथे मिळाले. त्यानंतर मुंबईस येऊन ते 'विल्यम अँड कंपनी' या पेढीत कार्यालयीन कामावर रुजू झाले. अल्पावधीतच त्यांनी पेढीत वरचे स्थान मिळवले व पुढे पेढीची मालकीही त्यांच्याकडे आली. तथापि स्वतःचे उत्पादन काढण्याची त्यांची इच्छा होती. १८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी अमृतांजनचा व्यवसाय सुरू केला.

तत्कालीन वेदनाशामक औषधे

अमृतांजन बाजारात आले तेव्हा वेदना कमी करण्याची साधने मर्यादित होती आणि त्यांतील अनेक धोक्याचीही होती. अफू व अफूयुक्त मिश्रणे वेदना थांबवत, पण त्यांचे व्यसन जडत असे आणि मात्रा चुकल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवे. सॅलिसिलिक आम्ल व सोडियम सॅलिसिलेट ही संधिवातावर दिली जात. त्यांनी पोटात जळजळ होई, मळमळे व कानांत गुणगुण सुरू होई. १८८६ मध्ये युरोपात वापरात आलेल्या ॲसिटॅनिलाइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटून रुग्णाचे ओठ व नखे निळी पडत. त्यानंतर लगेच आलेल्या फेनासेटिनचे मूत्रपिंडांवरील दुष्परिणाम उघड होण्यास अनेक दशके लागली. ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले, म्हणजे अमृतांजननंतर सहा वर्षांनी.

याच्या जोडीला घरगुती उपाय होतेच. दुखऱ्या भागास तिळाचे वा मोहरीचे तेल चोळणे, निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेणे, लचक भरल्यास लेप लावून पट्टी बांधणे या रीती सर्वत्र रूढ होत्या. पोटात न घेता बाहेरून चोळण्याचे, लगेच उपयोगात आणता येणारे आणि बाटलीत टिकणारे औषध म्हणून बामला या परिस्थितीत आपोआप जागा मिळाली.

अमृतांजनचा प्रसार

सुरुवातीच्या काळात संगीताच्या मैफलींना आलेल्या श्रोत्यांना अमृतांजनच्या बाटल्या मोफत वाटल्या जात, असे सांगितले जाते. अशा वापरातून लोकांना औषधाची ओळख झाली आणि मागणी वाढत गेली. काही वर्षांतच पिवळा बाम असलेली लहान काचेची बाटली घरोघरी पोचली व नागेश्वरराव लक्षाधीश झाले. विदेशी औषधांचे वर्चस्व असलेल्या बाजारपेठेत एका भारतीयाने तयार केलेले औषध देशभर खपू लागणे, ही स्वदेशीच्या चळवळीपूर्वीची उल्लेखनीय घटना होती.

त्या वेळी भारतात औषधांची निर्मिती व विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा सर्वंकष कायदा नव्हता. आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या दर्जाची चौकशी केली आणि त्यानंतर १९४० चा औषध कायदा आला. औषधांच्या अतिशयोक्त जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ मध्ये झाला. म्हणजे नागेश्वररावांच्या हयातीत औषधाच्या वेष्टनावर काय लिहावे व कोणता दावा करू नये, हे मुख्यतः उत्पादकाच्या विवेकावरच अवलंबून होते.

बामचे घटक आणि कार्य

अमृतांजनच्या प्रकारातील वेदनाशामक बामांमध्ये सामान्यतः मेंथॉल (पुदिन्याचे सत्त्व), कापूर, निलगिरी तेल आणि मिथाइल सॅलिसिलेट हे घटक कमीअधिक प्रमाणात असतात. मिथाइल सॅलिसिलेट हा विंटरग्रीन, म्हणजेच गंधपुरा या वनस्पतीच्या तेलातील मुख्य घटक होय. आता तो बहुधा कारखान्यात तयार केला जातो.

मेंथॉल त्वचेतील थंडीची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंच्या ग्राहकांना उद्दीपित करते. त्यामुळे त्वचेचे तापमान प्रत्यक्षात फारसे न बदलताही गारवा जाणवतो. कापूर उष्णतेच्या ग्राहकांवर परिणाम करतो व सौम्य ऊब निर्माण करतो. त्वचेवरील या नव्या संवेदना मेरुरज्जूत पोचल्यावर खोलवरच्या स्नायूंतून येणारी वेदनेची जाणीव काही प्रमाणात दबते. एका संवेदनेने दुसरी झाकण्याच्या या पद्धतीस प्रतिक्षोभन म्हणतात. चोळण्याच्या क्रियेनेही त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि आराम वाटतो.

मिथाइल सॅलिसिलेटचे कार्य थोडे वेगळे आहे. ते त्वचेतून आत शोषले जाते व शरीरात त्याचे सॅलिसिलेटमध्ये रूपांतर होते. ॲस्पिरिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थही हाच आहे. म्हणून बाम बाहेरून लावला तरी त्याचा काही अंश रक्तात पोचतो. बाम वेदनेची तीव्रता तात्पुरती कमी करतो. स्नायूला झालेली इजा, अस्थिभंग, संसर्ग किंवा सांध्याचा आजार तो बरा करत नाही.

दुष्परिणाम आणि दक्षता

बाहेरून लावायचे औषध निर्धोक असते, हा समज व्यापक आहे. मर्यादित प्रमाणात व अखंड त्वचेवर वापरल्यास बहुतेक प्रौढांना बामचा त्रास होत नाही, हे खरे आहे. तथापि त्याचे घटक प्रभावी रसायने आहेत आणि चुकीच्या वापराने गंभीर अपाय झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

त्वचेवर लालसरपणा, खाज, पुरळ किंवा जळजळ हे सर्वाधिक आढळणारे दुष्परिणाम होत. क्वचित भाजल्यासारखे फोड येतात. मेंथॉल व मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या स्नायुवेदनाशामक मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या तक्रारी आल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये याविषयी इशारा प्रसिद्ध केला. बाम लावलेल्या भागावर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची शेकपट्टी ठेवणे, अथवा घट्ट पट्टी बांधणे यांमुळे घटकांचे शोषण वाढते व भाजण्याचा धोकाही वाढतो. फाटलेल्या, खरचटलेल्या वा पुरळ आलेल्या त्वचेवर बाम लावू नये, असे सांगण्याचे कारणही हेच आहे.

अमृतांजन या नावातील 'अंजन' या शब्दाचा अर्थ डोळ्यांत घालावयाचे औषध असा असला, तरी हा बाम डोळ्यांसाठी नाही. मेंथॉल व कापूर यांचा अंश डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. कपाळावर बाम लावल्यावर हात धुण्यापूर्वी डोळे चोळल्याने हा त्रास नेहमी होतो. अशा वेळी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि जळजळ न थांबल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. मिथाइल सॅलिसिलेट अतिशय तीव्र असून शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात (सुमारे ५ मिलिलिटर) ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. एवढे प्रमाण लहान मुलाच्या मृत्यूस पुरेसे ठरू शकते. बाममध्ये हे तेल सौम्य केलेले असले तरी मुलाने बाटलीतील बाम खाल्ल्यास ते आणीबाणीचे प्रकरण समजावे लागते. उलट्या, जलद श्वास, कानांत आवाज, गुंगी व आकडी ही सॅलिसिलेटच्या विषबाधेची लक्षणे होत. कापूर पोटात गेल्यास काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. देवघरातील कापराच्या वड्याही मुलांच्या हाती लागू नयेत, असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच. अमेरिकेत कापूरयुक्त तेलाच्या विक्रीवर १९८० च्या दशकात बंदी आली आणि त्वचेवर लावण्याच्या औषधांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ वा छातीवर मेंथॉल किंवा कापूर असलेला बाम लावल्यास श्वास अडण्याचा संभव असतो. म्हणून या वयात तो टाळला जातो.

प्रौढांमध्ये वॉरफेरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी लागते. मिथाइल सॅलिसिलेट मोठ्या क्षेत्रावर वारंवार चोळल्याने वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा त्यामुळे दमा वाढण्याचा इतिहास असलेल्यांनाही असा बाम बाधू शकतो. अतिवापराचे टोकाचे उदाहरण न्यूयॉर्क शहरात २००७ मध्ये घडले. स्नायुदुखीवरील अनेक मलमे सातत्याने वापरणाऱ्या एका सतरा वर्षीय धावपटूच्या मृत्यूचे कारण मिथाइल सॅलिसिलेटची विषबाधा असल्याचे शवचिकित्सेतून निष्पन्न झाले. अशा घटना दुर्मीळ आहेत. परंतु औषधाची मात्रा लेपालाही लागू असते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

गोळ्यांच्या तुलनेत बामची एक बाजू मात्र उजवी ठरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण व रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. मर्यादित जागी बेताने लावलेल्या बामचा रक्तात पोचणारा अंश अल्प असल्याने हे धोके बरेच कमी असतात. साध्या लचकीवर व श्रमाने आलेल्या अंगदुखीवर चोळण्याच्या औषधांचा वापर टिकून राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. वेदना आठवडाभरात न थांबल्यास, सूज, ताप किंवा हातापायांत बधिरपणा असल्यास बामवर विसंबून राहणे योग्य नसते.

आंध्रपत्रिका

डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनास नागेश्वरराव उपस्थित होते. लोकमान्य टिळकांचा जहाल गट व मवाळ गट यांच्यातील फूट याच अधिवेशनात झाली. तेलुगू भाषकांना देशातील राजकीय घडामोडी त्यांच्या भाषेत समजावून देणारे समर्थ वृत्तपत्र हवे, ही गरज त्यांना तेथे प्रकर्षाने जाणवली. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईहून 'आंध्रपत्रिका' हे साप्ताहिक सुरू केले.

तेलुगू साप्ताहिक मुंबईत निघावे, यात त्या काळी आश्चर्य नव्हते. बांधकामावर राबणारे कामाठी आणि विणकाम करणारे पद्मशाली अशा तेलुगू भाषक समाजांची मुंबईत मोठी वस्ती होती. कामाठीपुरा या भागाचे नावही कामाठींवरूनच पडले आहे. तथापि साप्ताहिकाचा मुख्य वाचकवर्ग मद्रास इलाख्यात असल्याने नागेश्वररावांनी ते तेथे हलवले. १ एप्रिल १९१४ पासून आंध्रपत्रिका मद्रासहून दैनिक म्हणून निघू लागली. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि युद्धाच्या बातम्यांसाठी वाचकांची संख्या वाढली. वृत्तपत्रास लागणारे भांडवल अमृतांजनच्या उत्पन्नातून येत असल्याने ते सरकारी वा जमीनदारी आश्रयावर अवलंबून राहिले नाही. त्याच्या दरवर्षीच्या उगादी विशेषांकाला तेलुगू वाङ्मयात मानाचे स्थान होते.

वाङ्मय आणि ज्ञानकोश

१९२४ मध्ये नागेश्वररावांनी 'भारती' हे मासिक सुरू केले. तेलुगू साहित्य, इतिहास व भाषाशास्त्र या विषयांवरील संशोधनपर लेखनास या मासिकाने व्यासपीठ दिले. १९२६ मध्ये स्थापन केलेल्या आंध्र ग्रंथमालेने जुने व नवे ग्रंथ सामान्य वाचकास परवडतील अशा किमतीत प्रसिद्ध केले. गावोगावी वाचनालये उभी राहावीत, या ग्रंथालय चळवळीच्या कार्यासही त्यांनी साहाय्य केले.

तेलुगूतील पहिल्या आधुनिक ज्ञानकोशाच्या पुनरुज्जीवनाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. 'आंध्र विज्ञान सर्वस्वमु' या ज्ञानकोशाचे काम कोमर्राजू लक्ष्मणराव यांनी सुरू केले होते. लक्ष्मणरावांचे शिक्षण नागपूर येथे झाले होते, मराठी त्यांना उत्तम अवगत होती व त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले होते. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ज्ञानकोशाचे काम खंडित झाले. पुढे नागेश्वररावांनी हे कार्य हाती घेऊन त्याचे खंड नव्याने प्रसिद्ध केले. मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' १९२० च्या दशकात पूर्ण झाला होता. त्यामुळे दोन शेजारी भाषांतील हे प्रयत्न जवळजवळ समकालीन ठरतात.

राजकीय कार्य

नागेश्वररावांनी महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील असहकार व सविनय कायदेभंग या चळवळींना पाठिंबा दिला. १९२४ ते १९३४ या काळात त्यांनी आंध्र प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद भूषवले. मिठाच्या सत्याग्रहात आंध्रातील प्रमुख नेत्यांपैकी ते एक होते व त्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. तुरुंगात असताना त्यांनी भगवद्‌गीतेवर तेलुगूत भाष्य लिहिले.

तेलुगू भाषकांचा स्वतंत्र प्रांत असावा, या मागणीचे ते आरंभापासून पुरस्कर्ते होते आणि आंध्रपत्रिकेने या चळवळीचा सातत्याने पाठपुरावा केला. किनारी आंध्र व रायलसीमा या प्रदेशांतील नेत्यांमध्ये विकास, पाणी व राजधानी यांविषयी परस्पर अविश्वास होता. तो दूर करण्यासाठी १६ नोव्हेंबर १९३७ रोजी मद्रासच्या मैलापूर भागातील नागेश्वररावांच्या 'श्रीबाग' या निवासस्थानी दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी करार केला. तो 'श्रीबाग करार' म्हणून ओळखला जातो. १ ऑक्टोबर १९५३ रोजी स्वतंत्र आंध्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा या कराराची चर्चा पुन्हा झाली.

निधन आणि वारसा

आंध्र विद्यापीठाने १९३५ मध्ये नागेश्वररावांना 'कलाप्रपूर्ण' ही सन्माननीय पदवी दिली. १९३६ मध्ये अमृतांजनचा व्यवसाय सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतरित झाला. ११ एप्रिल १९३८ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर जावई शिवलेंक शंभुप्रसाद यांनी कंपनी व आंध्रपत्रिका या दोहोंची धुरा सांभाळली. आंध्रपत्रिका पुढे १९९१ मध्ये बंद पडली. कंपनीचे नाव २००७ मध्ये 'अमृतांजन हेल्थकेअर' असे झाले. चेन्नईतील मैलापूर भागातील नागेश्वरराव उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

महाराष्ट्रात नागेश्वररावांचे नाव फारसे परिचित नसले, तरी त्यांच्या औषधाचे नाव भूगोलात उतरले. मुंबई–पुणे मार्गावर खंडाळ्याच्या घाटातील एका ब्रिटिशकालीन पुलाजवळ अमृतांजनचा मोठा जाहिरात फलक होता. त्यावरून तो पूल 'अमृतांजन पूल' आणि तो परिसर 'अमृतांजन पॉइंट' म्हणून ओळखला जाऊ लागला. द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडथळा ठरणारा हा पूल टाळेबंदीच्या काळात ५ एप्रिल २०२० रोजी स्फोटकांच्या साहाय्याने पाडण्यात आला. घाटातील त्या ठिकाणाचे नाव मात्र प्रवाशांच्या बोलण्यात अद्याप कायम आहे.